केरबाची दोरी

केरबा लोहार कुणाच्याही घरी गेला की आधी दिवे विझवायचा, मग नमस्कार करायचा. भर दुपारी बैठकीच्या खोलीत सोळा बल्बांचं झुंबर पेटलेलं बघितलं की त्याच्या पोटात म्हणे कळ यायची. घरची बाई "या काका, या" म्हणेपर्यंत ह्याचा हात भिंतीवरच्या सगळ्या बटणांवरून फिरून आलेला असायचा. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधल्या आपल्या लोकांत त्याला जेवायला बोलवायची हौस सगळ्यांना, आणि बोलावल्यावर पश्चात्तापही सगळ्यांना.

मूळचा सांगलीकडचा. तिथल्या एका कारखान्यात वेल्डर होता. सत्तर सालाच्या आसपास जहाजाच्या कामावर म्हणून डेन्मार्कला गेला तो तिथलाच झाला. गोदी बंद पडली तसा शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात लागला, आणि त्या कारखान्यानं अवजारं सोडून पवनचक्क्या करायला घेतल्या. पुढची वीस वर्षं केरबा चक्कीच्या पोटातून शिडीनं वर चढून नट आवळत होता. बायको तिथलीच, किर्स्टन. ती वारल्यावर मुलीनं, मीनानं, त्याला अमेरिकेत आपल्याजवळ आणलं. मीना औषधांच्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर, घरात एकटी. मराठी बोलायची, पण खडे वेचल्यासारखी, एकेक शब्द उचलून.

माझं म्हणाल तर वीज मंडळात चौतीस वर्षं लाइनमन. सातवी झाली आणि खांबावर चढलो. माझी बायको हिरा जानेवारीत गेली, आणि एप्रिलात संजूनं, माझ्या पोरानं, मला बॅगेसारखं उचलून इकडं आणून ठेवलं. पाच खोल्यांच्या घरात मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फ्रीजचा आवाज ऐकत बसायचो. म्हणून बाहेर फिरायला जायचो, आणि फिरताना केरबा भेटला.

इथं रस्त्याकडेला हिरव्या पत्र्याच्या पेट्या असतात, त्यात ट्रान्सफॉर्मर. तशा एका पेटीला कान लावून एक टोपीवाला म्हातारा वाकला होता. मला राहवलं नाही, मीही दुसऱ्या बाजूनं कान लावला.

"लोड जास्त झालाय," तो इंग्रजीत म्हणाला.

"लोड कसला डोंबल! आतली पट्टी ढिली झालीय," मी मराठीत म्हणालो.

त्यानं मान वर केली. "कुठलं गाव?"

एवढ्यात मागं पोलिसांची गाडी येऊन थांबली. विमानांनी जोड मनोरे पाडल्याला चारेक वर्षं झालेली, ते दिवसच तसे होते. दोन सावळे म्हातारे विजेच्या पेटीला कान लावून बसलेले दिसल्यावर कुणीतरी फोन करणारच. पोरगेला पोलीस खाली उतरला आणि त्यानं विचारलं, काय चाललंय? माझी पाचावर धारण बसली. केरबानं शांतपणे माझ्याकडं बोट केलं. "हा डॉक्टर आहे."

"कसला डॉक्टर?"

"हिचा," म्हणून त्यानं पेटीवर थाप मारली. मग त्या पोलिसाला त्यानं वीस मिनिटं उभं करून डेन्मार्क सांगितलं. तिथं वीजघरातलं तापलेलं पाणी वाया घालवत नाहीत, नळानं घरोघर फिरवतात आणि त्यावर घरं ऊबदार ठेवतात. त्र्याहत्तर साली तेल महागलं तेव्हा रविवारी मोटारी बंद ठेवल्या होत्या, हमरस्त्यावर माणसं सायकली घेऊन फिरली. तू आत्ता गाडी चालू ठेवून माझ्याशी बोलतोयस, ती आधी बंद कर. पोलिसानं खरंच गाडी बंद केली. जाताना म्हणाला, पेटीची तक्रार कंपनीला कळवतो. तीन दिवसांनी कंपनीचा माणूस आला, पेटी उघडली, पट्टी ढिली होती. केरबा तेव्हापासून मला 'डॉक्टर' म्हणूनच हाक मारायचा आणि लोड जास्त होता हे मात्र सोडत नव्हता.

डेन्मार्कचा त्याला अभिमान होता, पण भक्ती नव्हती. कुणी भाबडेपणानं "काका, तिकडं सगळं ग्रीन ना?" म्हटलं की खेकसायचा, "कसलं ग्रीन! कोळसाही जाळतात लेकाचे. विजेचा पाचवा हिस्सा वाऱ्यावर आणलाय, तो आणायला माझे गुडघे गेले. आणि आता नवं सरकार आलंय, ते म्हणतं पैसे कशाला घालायचे." जर्मनीचं मात्र कौतुक. "तिथं ऊन म्हणजे पाहुणा. चार दिवस येतं. तरी छपरावर काचा लावून बसलेत, आणि तयार झालेली वीज सरकार चढ्या भावानं विकत घेतं. आपल्या सांगलीला वर्षातले दहा महिने ऊन, तिथं काय करतात? पापड वाळवतात."

"पापड पण ग्रीनच की," मी म्हणालो.

हे त्याला पटलं.

युरोपात धुराचा बाजार सुरू झालाय हेही त्यानंच सांगितलं. कारखान्यानं जेवढा धूर सोडायचा तेवढे परवाने बाळगायचे, कमी पडले तर दुसऱ्याकडून विकत घ्यायचे. मी म्हटलं, "म्हणजे पाप करायचं नि दक्षिणा द्यायची. हे आपल्याकडं पूर्वीपासून आहे."

"फरक आहे," केरबा म्हणाला. "आपला भट दक्षिणा दरवर्षी वाढवत नाही. तिकडं वाढवत न्यायचा बेत आहे."

"मग आपला भट तुला माहीत नाही."

एकदा नागपूरच्या एका वहिनींकडं गौरी-गणपतीचं जेवण होतं. पन्नास माणूस. केरबा आला, खिशातून उदबत्तीचा पुडा काढला, एक पेटवली आणि निघाला घरभर. खिडकीच्या कडेनं, दाराच्या फटीपाशी, पायऱ्यांखाली, सगळीकडं उदबत्ती धरून उभा राहायचा, डोळे बारीक करून धूर कुठं जातो ते बघायचा. धूर वाकडा गेला की तिथनं वारा आत येतो, म्हणजे थंडीत तिथनं ऊब बाहेर जाते. चक्कीवाल्या माणसाचा हिशेब. पण वहिनी त्याच्या मागनं हात जोडून चाललेल्या. त्यांच्या मागं अजून पाच-सहा बायका. एकीनं तर घंटी आणली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजकाल इतकी श्रद्धा कुठं बघायला मिळते हो," त्या मला म्हणाल्या. देवघरापाशी आल्यावर उदबत्तीचा धूर सरळ गणपतीच्या पाठीमागं सुईसारखा शिरला. सगळ्या बायकांनी नमस्कार केला. केरबा वळून म्हणाला, "वहिनी, तुमच्या देवाच्या ढुंगणामागं बोटभर भोक आहे. बुजवा."

त्या वर्षी प्रसाद त्याला सगळ्यात शेवटी मिळाला.

रडण्याबद्दलही त्याचं मत होतं. मी एकदा त्याच्याकडं बसलो असता हिराचा विषय निघाला आणि मला रडू आलं. दुसरा कुणी पाठीवर हात ठेवतो. हा म्हणाला, "बसून रडू नये, छाती आखडते. किर्स्टन गेल्यावर मी रोज कपडे वाळत घालताना रडायचो. मान वर राहते, हात वर राहतात, आणि चेहरा ओला असला तरी बघणाऱ्याला वाटतं कपड्यांचं पाणी."

"इथं कुठं वाळत घालायचे?" मी म्हटलं. इथल्या वसाहतींचा नियमच आहे, बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. घरमालकांची कमिटी असते, ती नोटीस देते. घरांची किंमत उतरते म्हणे. प्रत्येक घरात कपडे भाजायचं मशीन.

"उन्हाला नोटीस देणारा हा पहिला देश," केरबा म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तुझ्याकडं धुवायचं काही आहे?"

होतं. ट्रंकेत हिराचं एक लुगडं होतं, हिरवं, लाल काठाचं. सुनेनं दोनदा विचारलं, बाबा, मशीनला लावू का? मी लावू दिलं नव्हतं. नऊवारी त्या मशीनमधनं निघालं की त्याचा कासरा होतो, ते मी शेजारच्या आजीबाईंचं बघितलं होतं. आणि धुवावं की नाही हेही माझं ठरत नव्हतं. केरबा म्हणाला, "धू. बाई काय घामात राहील होय? आपण दोरी बांधू."

मी म्हटलं, कमिटी? त्यावर तो जे बोलला ते मला तेव्हा थट्टा वाटली. "मीनाला मी येतानाच सांगितलंय. माझ्या पद्धतीनं राहू दिलं तर राहीन. नाहीतर परत डेन्मार्कला, म्हाताऱ्यांच्या घरात. दोरी काढायला लावली तर मी गेलो." थट्टा नव्हती. आणि घोळ असा होता की मीना त्याच कमिटीची सेक्रेटरी होती. आपल्यातली पहिली निवडून आलेली. नोटिसांवर सही तिची असायची.

सप्टेंबरात एका सोमवारी, मीना कामावर गेल्यावर, आम्ही खांब रोवायला घेतले. बांधकामाच्या दुकानातनं दोन लोखंडी पाइप आणले. मी टेप काढला. केरबा म्हणाला, "फूट मोजू नकोस, लुगडं आण." ते गवतावर लांब पसरलं, दोन टोकांना खुणा केल्या, आणि पहार घेऊन मी खणायला लागलो. चौतीस वर्षं खांब रोवले, हात विसरत नाहीत. केरबा मातीचा अंदाज सांगत होता. आम्ही दोघं विजेची माणसं, एकानं तरी विचार करावा की नाही? पण आमच्या दोघांच्याही डोक्यात तारा म्हणजे वर. माझ्याकडं खांबावर, त्याच्याकडं चक्कीवर. खाली फक्त गांडूळ.

चौथ्या घावाला पहार कशात तरी रुतली आणि चटकन सुटली. वर ओढली तर टोकाला काळ्या रबराचं कातडं.

पाचेक मिनिटं गेली. मग एकेका घराचं दार उघडायला लागलं. घरून काम करणारी आपली पोरं, कुणी चड्डीवर, कुणी कानात यंत्र घालून, रस्त्यावर आली. "यार, तुझं नेट आहे का?" "गेलं. माझा क्लायंट कॉल चालू होता!" "फोनपण डेड आहे." सगळी गल्ली मोहोळासारखी बाहेर. मी खड्ड्यात वाकून तार चिकटपट्टीनं जोडत होतो, सवयीनं. केरबाला हळूच म्हटलं, "सशानं कुरतडली म्हणू."

"आणि पहार कुणाची? सशाची?" असं म्हणून तो रस्त्याच्या मधोमध गेला, टोपी काढली आणि मोठ्यानं म्हणाला, "तार मी तोडली. कंपनीला फोन करायला कुणाचा फोन चालू असेल तर द्या." मी तोडली होती. तो म्हणाला मी. संध्याकाळी कंपनीचा माणूस आला, माझा जोड बघून पोटभर हसला, आणि आम्हाला एक नंबर लिहून दिला. इथं खणण्याआधी त्या नंबरावर विचारायचं असतं. केरबानं दुसऱ्या दिवशी विचारलं, माणसं आली, जमिनीवर रंगानं रेघा मारून गेली, आणि आम्ही दोन हात सरकून खांब उभे केले.

दोरी ताणली. मी लुगडं धुतलं, दोघांनी पिळलं. वाळत घातल्यावर त्यात वारा शिरला. मी मान वर केली. केरबा तोवर घरात चहा टाकायला गेला होता, आणि चहाला त्यानं अर्धा तास लावला.

लुगडं मी घरी नेलं, पण त्याचे कपडे रोज दोरीवर. मीनाच्या मागच्या घरात बॉब नावाचा एक निवृत्त माणूस राहायचा. त्यानं पहिल्याच दिवशी फोटो काढला होता आणि कमिटीला पाठवला होता. मीनानं बापाला नोटीस दिली. जेवणाच्या टेबलावर, ताटाशेजारी. केरबानं ती वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. "सभा लाव," म्हणाला.

नोव्हेंबरात वसाहतीच्या हॉलमध्ये सभा लागली. आपले बरेच लोक आले, वहिनी पण आल्या. पुढं कमिटीचे पाच जण, त्यात कडेला मीना, मान खाली. संजू माझ्या कानात मराठीत सांगत होता. बॉब उठला. तो काही वाईट माणूस नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. म्हणाला, मी चाळीस वर्षं राबून हे घर घेतलं, खिडकीतनं मला झाडं बघायची आहेत, याच्या चड्ड्या नाहीत. केरबा बसल्या जागेवरनं म्हणाला, "बघून तर घे, तुझ्यापेक्षा स्वच्छ असतील." लोक हसले. मग बॉबनं भिंतीवर फोटो टाकला. म्हणाला, हे बघा, परक्या देशाचा एवढा मोठा झेंडा.

हिराचं लुगडं. सबंध भिंत भरून, वाऱ्यानं फुगलेलं. हिरा उभ्या जन्मात कोल्हापूरच्या पलीकडं गेली नव्हती. लुगड्याच्या काठावर मी मारलेला रफूचा टाका तिथं ताटाएवढा दिसत होता. संजूनं सांगायचं बंद केलं.

केरबा उठला. युरोपात काय चाललंय, वारा, ऊन, कोळसा, ह्यावर तो तासभर बोलणार अशी सगळ्यांनी तयारी ठेवली होती. कागदही आणले होते त्यानं. ते त्यानं खुर्चीवर ठेवले. माझ्याकडं हात केला आणि म्हणाला, "तो झेंडा नाही. ती ह्याची बायको आहे." आणि खाली बसला.

बॉबनं स्वतः उठून फोटो बंद केला.

मग मतं झाली. दोन दोरीच्या बाजूनं, दोन विरुद्ध. राहिली मीना. सगळे तिच्याकडं बघायला लागले. वहिनी माझ्या मागनं पुटपुटल्या, "बापाला नाही कशी म्हणेल?" मीनानं मान वर केली आणि म्हणाली, नियम आहे तोवर नियम आहे. तिचं मत विरुद्ध.

बाहेर गाडीतळावर थंडी होती. मीना धावत आली. ती रडत होती. मराठी, इंग्रजी, तिकडची भाषा, सगळं एकत्र. "बाबा, तू जाणार? मला सांग आत्ता. तू जाणार?"

केरबा टोपी हातात फिरवत उभा. मला वाटलं आता हा जातो. मग त्याला हसू यायला लागलं, आधी खांदे हलले, मग आवाज. "डॉक्टर, बघ ही," मला म्हणाला. "हिची आई अगदी अशीच. डेन्मार्कला आमच्या गावात पवनचक्कीची सभा होती. गावकऱ्यांनी हिस्से घालून चक्की उभी करायची. मी नट आवळणारा माणूस, ऐटीत हात वर केला. ती बया माझ्या शेजारी बसून म्हणाली, नाही. चक्की घरांच्या फार जवळ आहे, आवाज येईल. सगळ्या गावात माझं नाक कापलं. दोन वर्षं चक्की अडली. मग जागा लांब नेली तेव्हा हो म्हणाली, आणि सगळ्यात जास्त हिस्से तिनंच घेतले." मग मीनाकडं वळला. "नियम बदलायचा असेल तर काय करावं लागतं?"

"तीनात दोन घरांच्या सह्या," मीना नाक पुसत म्हणाली. "त्याचा फॉर्म असतो."

"कुणाकडं?"

"माझ्याकडं."

"मग दे की. सह्या होईपर्यंत मी कुठं जात नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं खांब स्वतः उपटले, खड्डे बुजवले, वर गवत लावलं, आणि गळ्यात पेन अडकवून निघाला. गोऱ्यांच्या घरी त्याला सह्या पटकन मिळाल्या. अडले आपलेच. "काका, आय टोटली सपोर्ट यू, पण रीसेल व्हॅल्यू…" "काका, ग्रीन कार्ड झालं की बघू." केरबा म्हणायचा, "यांच्या आया अजून गच्चीत दोरी बांधून उभ्या आहेत, आणि हे किंमत सांगतात मला." वहिनींनी मात्र दारातच सही केली. देवामागचं भोक बुजवल्यापासून घरात थंडी कमी वाजते, हे त्यांनी त्याला हळू आवाजात सांगितलं.

हिराच्या वर्षश्राद्धाला मी जानेवारीत गावी गेलो. तिथं संजूचा फोन आला. केरबा झोपेतच गेला. उरलेल्या सह्या मीनानं पुऱ्या केल्या, नियम बदलला. मागच्या अंगणात, कुंपणापेक्षा खाली, संध्याकाळच्या आत काढायचं, अशा साडेसतरा अटी घालून का होईना, बदलला. बॉबची सही त्यात नव्हती. त्यानं कधीच केली नाही.

केरबाला मी शेवटचं बघितलं ते गावी जायला निघालो त्या सकाळी. विमानतळाला जाताना संजूनं गाडी मीनाच्या मागच्या रस्त्यानं घेतली. रात्री बर्फ पडलं होतं. बॉबच्या दारात केरबा उभा, फॉर्म काखेत. बॉब मान हलवत होता, नाही, नाही. मी संजूला म्हटलं, जरा हळू घे. केरबानं फॉर्म खिशात घातला. मग बॉबच्या छपराकडं बोट केलं, आणि हात पसरून पूर्वेकडनं पश्चिमेकडं सावकाश नेला, ऊन कसं फिरतं ते दाखवत. बॉब दारातनं वाकून बघायला लागला, दिसेना, म्हणून पायऱ्या उतरून खाली आला. दोघं म्हातारे अंगणात माना वर करून उभे. केरबा पुन्हा हात फिरवत होता. बॉबच्या पायात घरातल्या सपाता होत्या, घोटे बर्फात बुडाले होते, आणि तो काहीतरी विचारत होता.